केसाला बातमी उशिरा कळते

लातुरात कुणाचे केस गळायला लागले की पहिली शिवी पाण्याला बसते. बोअरचं पाणी जड, टँकरचं कुठून आणलेलं कोण जाणे, आणि नळाला कधीतरी येतं ते पिवळं. आमच्या इमारतीच्या जिन्यात ही चर्चा मी वर्षानुवर्षं ऐकली. तळमजल्यावर माझी पॅथॉलॉजीची लॅब आणि वरच्या मजल्यावर गिरिजा मॅडमचा त्वचारोगाचा दवाखाना. लोक पाण्याला शिव्या देत जिना चढायचे आणि उतरताना बहुतेक गप्प असायचे.

मॅडम पाण्याचा विषय एका वाक्यात संपवायच्या. "पाण्यानं केस राठ होतात, तुटतात. मुळासकट येत नाहीत." मग त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, "तीन-चार महिन्यांमागं काय झालं होतं?"

एकदा एका रिपोर्टबद्दल बोलायला मी वर गेले होते. गंजगोलाईतला एक कापड दुकानदार बायकोला घेऊन बसला होता. त्यानं कॅरीबॅगमधून केसांचा मोठा गुंता काढला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला. पुरावा म्हणून असे केस घेऊन येणारे पुष्कळ असत. मॅडमनी त्यातला एक केस उपसून खिडकीच्या उजेडात धरला. टोकाला बारीक पांढरा दाणा होता.

"हा केस तुटलेला नाही. मुळातून सुटून आलाय. तीन-चार महिन्यांमागं काय झालं होतं?"

"काय न्हाई," दुकानदार म्हणाला.

"मी ह्यांना विचारलं."

बाईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "भाऊ गेला माझा. उदगीरला. अपघातात."

"त्याला तर लई दिवस झाले मॅडम," दुकानदार म्हणाला. "आता बरी हाय ती. रडत बी न्हाई."

"केसाला बातमी उशिरा कळते," मॅडम म्हणाल्या. अंगाला मोठा ताप येवो की मनाला धक्का बसो, केस त्या वेळी वाढायचा थांबतो आणि गळतो दोन-तीन महिन्यांनी, हे त्यांनी त्या बाईला तिच्या भाषेत समजावून सांगितलं. तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. रक्त तपासायला तिला खाली माझ्याकडे पाठवलं. हिमोग्लोबिन फार कमी निघालं. थायरॉइड ठीक होता. गोष्ट ऐकायची आणि रक्तही बघायचं, एकावर भागवायचं नाही, अशी त्यांची रीत होती.

मॅडम मूळच्या उदगीरच्या. आईशी फोनवर कन्नड बोलायच्या आणि ते कन्नड त्यांच्या मराठीत झिरपायचं. 'सुम्मने' हा शब्द मी त्यांच्याकडून शिकले. सुम्मने म्हणजे उगाच. "सुम्मने केस जात नाहीत बघ वंदना," असं त्या मला म्हणायच्या. बुटक्या, जाडसर, कडक इस्त्रीची इरकल साडी, कपाळावर सकाळच्या पूजेची विभूती. लग्न केलेलं नव्हतं आणि त्याबद्दल विचारायची कुणाची छाती नव्हती. पेशंटला त्या खिडकीजवळच्या स्टुलावर बसवायच्या. ट्यूबलाइटच्या उजेडात टाळू नीट दिसत नाही म्हणायच्या. मग भिंगाच्या आधी नाक. डोक्याजवळ वाकून वास घ्यायच्या आणि विचारायच्या, "कांद्याचा रस लावला की हो तुम्ही?" माणूस ओशाळायचा. एकदा एका बाईच्या डोक्याला रॉकेलचा वास आला, तेव्हा मॅडम खुर्चीत मागं टेकून नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या.

लग्नकार्यात त्यांचे हाल व्हायचे. लोक समोर येऊन मान खाली घालायचे. परक्या माणसाला वाटावं, आशीर्वाद मागतायत. मॅडम म्हणायच्या, "उद्या दवाखान्यात या हो. इथं अक्षता पडतायत, काही दिसत नाही."

'केस येतील' असं वचन त्यांनी कुणाला दिलेलं मी ऐकलं नाही. मुळं जिवंत असली तर "मुळं जिवंत आहेत" म्हणायच्या आणि मेलेली असली तर तेही तितक्याच सरळ सांगायच्या. हा सरळपणा पेशंटांना झेपायचा. त्यांचा राग मात्र झेपायचा नाही, आणि तो त्यांना आवरायचाही नाही.

शिरूर अनंतपाळचा एक तरुण आला होता. मोबाइल दुरुस्तीचं दुकान, लग्न ठरलेलं. डोक्यावर मागच्या बाजूला केस जाऊन रुपयाएवढी चाई पडली होती. चुलत्यानं ठरवलं की केसाला किडा लागलाय, आणि त्याला एका औषधवाल्याकडे नेलं. त्या माणसानं चाईवर बिब्ब्याचं तेल लावलं. एकदा लावून गुण आला नाही म्हणून पुन्हा लावलं. फोड आले, चिघळले, आणि जखम भरून आली ती गुळगुळीत, चकचकीत व्रण होऊन. मॅडमनी भिंगातून खूप वेळ पाहिलं.

"किडाबिडा काही नसतो. शरीर स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटतं, तेव्हा चाई पडते. बहुतेकदा भरून येते. कधी आपोआप, कधी औषधानं. पण मूळ शाबूत पाहिजे." त्यांनी चुलत्याकडे पाहिलं. "इथलं मूळ तुम्ही जाळलंत."

पुढच्या रविवारी त्या गाडी करून त्या औषधवाल्याच्या गावी गेल्या. त्याच्या अंगणात पंधरा-वीस माणसं बसली होती. त्यांच्यासमोर उभं राहून, बिब्ब्यानं काय होतं ते त्यांनी आवाज चढवून सांगितलं. तो माणूस आत निघून गेला. सोमवारी मला हे सांगताना मॅडमचा चेहरा फुललेला होता. "सगळ्यांसमोर सांगितलं. तोंड उघडलं नाही त्यानं." पुढं कळलं की त्यानं बिब्बा सोडला. त्या पोराचं लग्न फेट्यामुळं निभावलं. खरं काय ते सगळ्यांसमोर सांगितलं की काम होतं, हा मॅडमचा विश्वास त्या दिवसापासून आणखी पक्का झाला असावा.

त्यानंतर काही महिन्यांनी ऋतुजा आली.

ती मूळची नांदेडची. डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला क्लास लावलेला, राहायला खासगी वसतिगृह. बारावी झाली होती, प्रवेश परीक्षेत गुण कमी पडले होते आणि ती दुसऱ्यांदा बसणार होती. अशा हजारो मुली लातुरात असतात. वडील सरकारी कचेरीत अधिकारी, बोलायला नेटके. आई लोह्याकडची, बोलायची कमी. मुलीच्या डोक्याच्या मधोमध तळहाताएवढी जागा विरळ झाली होती. आधी दोन ठिकाणी दाखवलं होतं. चाई समजून डोक्यात इंजेक्शनंही दिली होती.

मॅडमनी तिला स्टुलावर बसवलं. कडेचे केस बोटांत धरून हलके ओढले, एकही हाताला आला नाही. मधल्या जागेत कुठं खुंट, कुठं जरा लांब, कुठं टोकाशी चिरलेले, असे सगळ्या उंचीचे केस होते. चाई पडलेली जागा अशी नसते, गुळगुळीत असते. मॅडमना तिथल्या तिथं कळलं होतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पण वडील म्हणाले, "मॅडम, अंदाजानं नका सांगू. आतापर्यंत सगळ्यांनी अंदाजच सांगितला. मला रिपोर्ट पाहिजे."

म्हणून टाळूचा बारीकसा तुकडा काढून माझ्याकडे आला. काचपट्टीवर जे दिसलं ते मॅडमच्या निदानाशी जुळणारं होतं. मुळांभोवती चाईत दिसते तशी सूज नव्हती. काही मुळं रिकामी, काहींत पिळवटलेला केस आणि रंगाचे गोळे. बाहेरून कुणीतरी ओढून काढल्यावर दिसतं तसं. मी रिपोर्ट लिहून वर पाठवला.

त्या दिवशी काय झालं ते मॅडमच्या नर्सनं मला सांगितलं, आणि नंतर मॅडमनीही. खोलीत नर्सखेरीज चौघं होती: मॅडम, मुलगी, आई, वडील. वडिलांनी रिपोर्ट वाचला, कळला नाही, आणि ते पुन्हा पाण्यावर आले. वसतिगृहाचं पाणी, जेवण, कुठलं इंजेक्शन अजून द्यायचं राहिलंय. मॅडमना त्या इंजेक्शनांचाच राग होता. लेकराच्या डोक्यात विनाकारण सुया टोचल्या म्हणून. त्या म्हणाल्या, "इंजेक्शन बास. हिच्या टाळूला काही झालेलं नाही. केस ती स्वतः उपटते."

मॅडम पुढं सांगत होत्या: हा आजार मनाचा आहे, ताणानं वाढतो, हात आपोआप जातो, ती मुद्दाम करत नाही, मानसोपचार डॉक्टरांची चिठ्ठी देते. वडिलांनी 'केस ती स्वतः उपटते' एवढंच ऐकलं होतं.

"म्हणजे नाटक," ते म्हणाले. "आम्ही इकडं हैराण, आणि ही अभ्यास सोडून हे करून राहिली."

ऋतुजा स्टुलावर बसून होती. तिनं मॅडमकडे एकदा पाहिलं आणि मग खाली पाहिलं. "ते बघणं मला कळायला हवं होतं," मॅडम पुढं अनेकदा म्हणाल्या.

दहा-बारा दिवसांनी वडिलांचा फोन आला. आवाजात समाधान होतं. "मॅडम, प्रश्नच मिटवला. बालाजीला केस दिले म्हणून सगळ्यांना सांगितलं, नांदेडलाच न्हावी बोलावून सगळं काढून टाकलं. आता उपटायला काही न्हाईच. सोमवारपासून पुन्हा क्लासला."

त्या वेळी मी समोर बसले होते. मॅडम "हं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला काय झालं ते सांगितलं. मग टेबलावरच्या वस्तू उगाच इकडच्या तिकडं ठेवत राहिल्या. आमच्याकडे तिरुपतीला जाऊन केस देणारी माणसं घरोघर आहेत. कुणाला संशय येणार नव्हता. उलट बायकांनी मुलीच्या पाया पडून प्रसाद मागितला असणार.

सोमवारी मुलगी क्लासला परतली, पण जेवण सोडलं म्हणून दोन दिवसांत वसतिगृहवाल्यांनी तिला घरी पाठवलं. हे कळलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "वंदना, रविवारी माझ्याबरोबर नांदेडला चल."

आम्ही गेलो. विष्णुपुरीच्या बाजूला नवं, स्वच्छ घर होतं. वडिलांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि मॅडमना म्हणाले, "आता काय नवीन सांगणार तुम्ही? तुम्ही चामडीच्या डॉक्टर. पोरीच्या करिअरचं आम्ही बघतो की."

"मला तिच्याशी एकटीशी बोलायचंय."

"माझ्यासमोर बोला. लपवायचं काय त्यात?"

दारात उभ्या असलेल्या आईनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "जाऊ द्या की हो. लांबून आल्यात त्या."

मॅडम आत गेल्या. मी बाहेर वडिलांसमोर बसून राहिले. त्यांनी टीव्ही लावला, बंद केला. एकदा म्हणाले, "मी काय शत्रू हाय का तिचा?" त्यांचे डोळे तांबारलेले होते. त्या घरात बरेच दिवस कुणाला झोप लागत नसावी.

मॅडम बाहेर आल्या त्या सरळ गाडीकडे. अहमदपूरला चहाला थांबलो. चहा समोर तसाच ठेवून त्यांनी सांगितलं.

"पापण्या नाहीत तिला. डोक्यावरचे संपले म्हणून पापण्या काढल्या. भुवयापण अर्ध्या."

मी माझा कप खाली ठेवला.

"मी म्हटलं, बाळ, माझं चुकलं. तर म्हणाली, तुम्ही मला आधी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. बाबांच्या आधी मला विचारायचं होतं." मॅडमनी कप थोडा पुढं सरकवला. "बरोबर आहे. मी काय केलं? वास घेतला, भिंग लावलं, केस ओढून बघितले, तुझा रिपोर्ट मागवला. तिला एक शब्द विचारला नाही. त्या कापडवाल्याला मी म्हणत होते, मी ह्यांना विचारलं म्हणून. हिच्या बापाशी भांडायच्या नादात पोरगी राहूनच गेली."

"पण निदान बरोबर होतं मॅडम."

"होतं की," त्या म्हणाल्या. "त्याचंच वाईट वाटतं."

ऋतुजानं त्यांना आणखीही सांगितलं होतं. पेपर सोडवताना हात वर जातो, ते कळतच नाही. एक केस निघाला की डोक्यात क्षणभर शांत वाटतं, मग लाज वाटते, आणि लाज वाटली की पुन्हा हात जातो. वसतिगृहाच्या खोलीत ती सकाळी सगळ्यांच्या आधी उठून उशीजवळचे केस झाडायची.

महिनाभरानं एका दुपारी तिची आई मुलीला घेऊन लातूरला आली. एस.टी.नं, मुलीच्या डोक्याला ओढणी गुंडाळून. जिन्यात मला ओळखून थांबली. "ह्यांना म्हैत न्हाई. माहूरला देवीला चाललो म्हणून सांगून निघाले. देवी काय रागवायची न्हाई." मॅडमनी बाकीचे पेशंट थांबवले. आधी मुलीला एकटीला आत घेतलं, नंतर आईला. नांदेडच्या एका मानसोपचार डॉक्टरांना स्वतः फोन लावून दिला. निघताना आई म्हणाली, "मॅडम, क्लास बंद करायले मी. ह्यांनी घराबाहेर काढलं तर माझ्या माहेरी जाईन, पर पोरगी आंधळ्यावानी बिनपापण्याच्या डोळ्यानं बघायली, ते मला बघवना."

नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलं नाही. तो बायकोशी आणि मुलीशी कित्येक महिने बोलला नाही, एवढंच. क्लास सुटला. पापण्या आल्या. डोक्यावरचे केस वाढले, मधल्या जागेत कमी. नांदेडलाच बी.ए.ला प्रवेश घेतला. परीक्षा जवळ आली की अजून हात वर जातो, असं आई फोनवर सांगायची. ऋतुजा स्वतः पुन्हा कधी मॅडमकडे आली नाही. मॅडमनी आईजवळ तिची चौकशी केली, पण "तिला फोन दे" असं कधी म्हणाल्या नाहीत.

दवाखाना मात्र बदलला. केस गळतात म्हणून आलेल्या कुणाही तरुण मुलीला आधी एकटीला आत घ्यायचं, नर्स सोबत, घरचे बाहेर. जवळच्या गावच्या एका समुपदेशक बाईंना त्या आठवड्यातून दोन दिवस बोलावू लागल्या. लोकांना हे रुचलं नाही. "पोरीला एकटीला काय विचारता? आमच्यापेक्षा तिला जास्त कळतं का?" असं म्हणत कितीतरी जण उठून गेले. रस्त्यापलीकडे एक नवं केसांचं क्लिनिक निघालं होतं, काचेचं, थंडगार. तिथं कुणी काही विचारत नसे. मॅडमच्या बाकड्यांवर जागा रिकामी दिसू लागली. मी एकदा सुचवलं, "थोडं सौम्यपणे सांगा ना मॅडम, लोक तुटतात." त्या म्हणाल्या, "तुटू देत. मुलगी आत आली म्हणजे झालं."

पूर्वीचा चढा आवाज गेला होता. भांडणं कमी झाली. राग यायचा, पण त्या तोंड मिटून घ्यायच्या आणि जबड्याची एक शीर हलायची. पेशंट गेल्यावर कधी कधी खाली माझ्या लॅबमध्ये येऊन बसायच्या, सूक्ष्मदर्शकातून काही बघायचं म्हणून. बघायचं काही नसायचं. मी माझं काम करत असे. जरा वेळानं त्या स्वतःच उठायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्या आईला भेटायला उदगीरला गेल्या आणि तिथंच पहाटे झोपेत गेल्या. हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टर म्हणाले. अंत्यविधीला गर्दी होती. लिंगायतांच्या रीतीनं त्यांना बसलेल्या स्थितीत समाधी दिली, कपाळावर विभूती लावून. ऋतुजाची आई आली होती. मुलीबद्दल मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या आठवड्यात. एका तपासणीचं विचारायला वर गेले. दुपारची वेळ, पंखे कुरकुरत होते. आतल्या खोलीचं दार बंद होतं आणि त्या दाराला लागून प्लॅस्टिकच्या खुर्चीत मॅडम बसल्या होत्या, पर्स मांडीवर. समोर एक धिप्पाड माणूस उभा होता. हातात गाडीची किल्ली, चेहरा लाल.

"माझी पोरगी हाय ती. मला आत जाऊ द्या."

"हो, तुमचीच आहे," मॅडम म्हणाल्या. "बोलून होऊ द्या तिचं."

"किती वेळ?"

"मला माहीत नाही."

तो येरझाऱ्या घालू लागला. मॅडमनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, काय काम होतं असं. मी मानेनं नाही म्हटलं, नंतर येते म्हणून. आत समुपदेशक बाईंशी बोलणाऱ्या मुलीचा आवाज येत होता. थांबत थांबत, मध्येच रडत, पुन्हा बोलत. शब्द कळत नव्हते. तो माणूस दाराच्या दिशेनं एक पाऊल पुढं आला. मॅडमनी खुर्ची मागं ओढली आणि पाठ दाराला टेकवली.